न्हाणीघरातला वास काय सांगतो?



गृहव्यवस्थेविषयी या सदराकडे जे प्रश्न येतात, त्यांपैकी काही प्रश्न विचारताना विचारणाऱ्याला थोडा संकोच वाटतो. पंजाबातील डेराबस्सीहून एका भगिनीने पाठविलेला प्रश्न या जातीचा आहे. चंदीगडहून अंबाल्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, चंदीगडपासून सुमारे २० किलोमीटरवर हे गाव आहे. औषधांच्या व रसायनांच्या कारखान्यांमुळे त्याची वाढ झपाट्याने झाली आणि नोकरीच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे तेथे येऊन राहिली. पत्रलेखिका आपले यजमान व सासूबाई यांच्यासह एका चौमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. मे महिन्यात सर्व मंडळी महिनाभर नाशिकला येऊन परतली, घराचे कुलूप उघडले, तो न्हाणीघरातून कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. त्यांनी फरशी घासली, फिनेल टाकले, उदबत्ती लावली. दोन दिवस बरे जातात आणि वास पुन्हा हजर होतो. सासूबाई काही बोलत नाहीत. परंतु कोणी पाहुणे यावयाचे म्हटले की आपल्याला धास्ती वाटते, असे त्या लिहितात. कोणते औषध आणून टाकावे, एवढेच त्यांना हवे आहे.

औषधाचे नाव सांगून हे उत्तर एका ओळीत संपविता आले असते. पण वास हा रोग नसून लक्षण आहे. ताप आला म्हणजे आपण केवळ कपाळावर थंड पाण्याची घडी ठेवून स्वस्थ बसत नाही, तो कशाने आला हे पाहतो. न्हाणीघराच्या वासाचेही तसेच आहे. आणखी एक गोष्ट आरंभीच सांगावीशी वाटते. घरात दुर्गंध आला की त्याचा दोष घरातील स्त्रीच्या माथी मारण्याची आपल्याकडे सवय आहे. तिने नीट घासले नाही, लक्ष दिले नाही, असे बोलून किंवा न बोलता सुचविले जाते. वस्तुतः अशा वासांची पुष्कळ कारणे कुंच्याच्या आवाक्याबाहेरची असतात. ती गवंड्याच्या, नळकारागिराच्या किंवा इमारत बांधणाऱ्याच्या कामात दडलेली असतात. तेव्हा संकोच बाजूला ठेवून, वास कोठून येतो याचा शोध घरातील सर्वांनी मिळून घ्यावा.

शोधाची रीत सोपी आहे. रात्री न्हाणीघराचे दार व खिडकी बंद करून ठेवा आणि सकाळी कोणी आत जाण्यापूर्वी एकाने दार उघडून क्रमाने चार ठिकाणी वास घ्या : जमिनीवरील जाळीपाशी, भिंती व पडद्यापाशी, बादल्या व टॉवेलांपाशी, आणि शेवटी नळाच्या पाण्याचा. नाकाला वासाची सवय फार लवकर होते. म्हणून हे काम बाहेरच्या मोकळ्या हवेतून आलेल्या माणसाने करावे. जेथे वास अधिक, तेथून पुढची वाट सापडते.

पहिले ठिकाण म्हणजे जमिनीवरील जाळी. आपल्या आजोळच्या घरांत मोरी मागल्या दारी असे. तिचे पाणी उघड्या पाटाने परसातील अळूच्या वाफ्याकडे किंवा केळीच्या बुंध्याकडे जाई. ऊन आणि वारा त्या पाटाची काळजी घेत. आजच्या इमारतीत हा पाट बंद नळीचा झाला असून ती नळी खालच्या गटाराला किंवा मैल्याच्या टाकीला जोडलेली असते. या बंद जागेत हवा पोहोचत नाही. तेथे हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू घाणीचे विघटन करीत असतात आणि त्यातून जे वायू निघतात, त्यांत हायड्रोजन सल्फाईड हा कुजक्या अंड्यासारख्या वासाचा वायू असतो. नळीचे एक तोंड गटारात आणि दुसरे आपल्या न्हाणीघरात, असे असूनही तो वायू वर का येत नाही? कारण वाटेवर एक पहारेकरी बसविलेला असतो. तो पहारेकरी म्हणजे थोडेसे साचलेले पाणी.

जाळीच्या खाली वाकड्या आकाराचे एक भांडे असते. त्यातून पाणी खाली जाते, पण थोडे पाणी त्या वाकणात नेहमी शिल्लक राहते आणि गटारातील हवेची वाट अडविते. लंडनमध्ये राहणाऱ्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका स्कॉटिश घड्याळजीने १७७५ मध्ये शौचकूपाचे जे एकस्व मिळविले, त्यात इंग्रजी 'एस' अक्षरासारख्या वाकणाची नळी होती. आजही जगातील घरे त्याच युक्तीवर अवलंबून आहेत. आपल्या देशातील नळकारागीर न्हाणीघराच्या या भांड्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. स्थापत्याच्या इंग्रजी ग्रंथांतही हाच शब्द रूढ झाला आहे. आपल्या 'न्हाणी'चे हे भावंड पंजाबातील मिस्त्रीलाही चटकन समजते. पंजाबीत न्हाणीघराला 'गुसलखाना' म्हणत असले, तरी दुरुस्तीच्या वेळी हाच शब्द वापरावा. या भांड्यात निदान ५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन बोटे रुंदीइतके, खोल पाणी अडसर म्हणून उभे राहिले पाहिजे, असा दंडक आहे.

आता पत्रलेखिकेच्या घरी काय घडले असावे, हे ध्यानात येईल. मे आणि जून या महिन्यांत पंजाब-हरियाणाच्या मैदानात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि कोरडी लू वाहते. घर बंद, नळ बंद. चार बोटांहूनही कमी असलेले ते पाणी काही आठवड्यांत वाफ होऊन उडून जाते. पहारेकरी निघून गेला आणि दार सताड उघडे राहिले. घरी परतल्यावर आंघोळी सुरू झाल्या की मुख्य न्हाणीघरातील भांडे पुन्हा भरते. पण घरात एखादी जाळी अशी असते की जिच्यावर पाणी पडतच नाही : सज्जातील, कपडे धुण्याच्या यंत्राजवळची, किंवा पाहुण्यांसाठी राखलेल्या न्हाणीघरातील. कित्येकदा वास तेथून येतो आणि आपण मात्र दुसरीकडे फिनेल ओतीत बसतो.

याचा उपाय दवाखान्यातला नव्हे, विहिरीतला आहे. घरातील प्रत्येक जाळीत सावकाश अर्धी बादली पाणी ओता आणि तासाभराने विजेरीच्या उजेडात आत पाहा. पाणी चमकताना दिसले पाहिजे. वास त्याच दिवशी ओसरला, तर कारण सापडले. पुढच्या वेळी लांबच्या प्रवासाला निघताना प्रत्येक जाळीत पाणी ओतून वर दोन चमचे गोडे तेल सोडावे. तेलाचा पातळ थर पाण्यावर तरंगतो आणि त्याची वाफ होणे पुष्कळ मंदावते. उन्हाळ्याच्या सुटीत इंदूर, बडोदे, हैदराबाद वा दिल्लीहून महाराष्ट्रात येणाऱ्या सर्व कुटुंबांनी दुधाचा व वर्तमानपत्राचा रतीब बंद करताना हे कामही त्याच यादीत लिहून ठेवावे.

पाणी ओतल्यावरही ते भांड्यात टिकत नसेल, तर मात्र कारागिराला बोलवावे लागेल. वरच्या मजल्यावर कोणी पाणी सोडले की आपल्या जाळीतून गुडगुड असा आवाज येतो काय, ते ऐका. येत असेल, तर उभ्या नळीला हवा पुरविणारी जी नळी गच्चीपर्यंत गेलेली असावयास हवी, ती तुंबली आहे किंवा मुळात बसविलेलीच नाही. खाली कोसळणारे पाणी आपल्यामागे हवा ओढते आणि तिच्याबरोबर आपल्या भांड्यातील पाणीही ओढून नेते. काही इमारतींत तर वाकणाचे भांडे न बसविताच जाळी थेट नळीवर टेकविलेली आढळते. हा दोष कितीही घासले तरी जाणार नाही. इमारतीतील सर्व बिऱ्हाडांनी एकत्र येऊन तो दुरुस्त करून घ्यावा.

या मूठभर पाण्याचे महत्त्व किती, हे २००३ साली हाँगकाँगने पाहिले. तेथील अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत 'सार्स' या श्वसनरोगाची साथ पसरली आणि तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले, सुमारे ४० दगावले. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांना असे दिसून आले की अनेक घरांतील न्हाणीघरांच्या जमिनीवरील भांडी कोरडी पडली होती. रहिवासी फरशी धुण्याऐवजी पुसून घेत असल्याने त्यांत पाणी जात नव्हते. दार लावून पंखा सुरू केला की तो पंखा नळीतील दूषित हवा व तुषार खोलीत ओढून घेई. तेव्हा पाण्याचा अडसर हा केवळ नाकाच्या सुखासाठी नाही. हवा बाहेर फेकणारा पंखा लावला असेल, तर दाराच्या खाली दोन बोटे फट अवश्य ठेवावी, म्हणजे पंख्याला हवी असलेली हवा खोलीकडून मिळेल, जाळीतून खेचली जाणार नाही.

दुसरे कारण जाळीच्या जरा आत, पण पाण्याच्या वर असते. केस, साबणाचा मळ, अंगाला लावलेले तेल, उटण्याचा चोथा आणि पाण्यातील क्षार यांचा एक बुळबुळीत थर नळीच्या आतल्या बाजूस बसतो. विंधनविहिरीचे पाणी बहुधा जड असते. अशा पाण्यात साबणाला फेस थोडा येतो आणि पांढरट साका अधिक बसतो. म्हणून विंधनविहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या वसाहतींत हा थर लवकर वाढतो. त्यात जंतूंची वस्ती होते. काही ठिकाणी फरशीच्या सांध्यांत गुलाबी छटा दिसते, तीही जंतूंचीच असते. या वासाची ओळख अशी की तो आंघोळीनंतर वाढतो, कारण गरम पाण्याने थर सैल होऊन त्यातील वायू सुटतो.

येथे मात्र घासण्याला पर्याय नाही. हातात रबरी मोजे घालून जाळी व तिच्याखालची वाटी काढावी, केस चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकावे आणि बाटली धुण्याच्या लांब ब्रशाने भांड्याच्या कडा घासाव्या. नंतर बादलीभर गरम पाण्यात चार-पाच चमचे धुण्याचा सोडा विरघळवून ते पाणी सावकाश ओतावे. सोड्याने तेलकट थर सुटतो. पाणी उकळते असू नये, कारण आजकालच्या प्लास्टिकच्या नळ्या फार उष्णतेने मऊ पडतात आणि त्यांचे सांधे सैल होतात. खाण्याचा सोडा व शिरका एकत्र ओतण्याची पद्धत पुष्कळ घरी सांगतात. त्यांचा फेस पाहून समाधान वाटते. पण दोघे एकमेकांची शक्ती नाहीशी करतात आणि मागे राहते ते बहुतेक खारट पाणी. फेसाच्या धक्क्याने सैल मळ थोडा हलतो इतकेच. त्यापेक्षा नुसता शिरका कोमट पाण्यात घालून तासभर ठेवला, तर तोटीच्या व फवाऱ्याच्या भोकांतील क्षार चांगले विरघळतात. फवारा काढून महिन्यातून एकदा असा भिजत ठेवावा. संगमरवर किंवा शहाबादी फरशीवर मात्र शिरका वा लिंबू सांडू देऊ नये. त्याने दगड चरतो.

तिसरे कारण ओल. हा वास कुजक्या अंड्यासारखा नसून कुबट असतो, पावसाळ्यात बंद राहिलेल्या ट्रंकेसारखा. ओल्या टॉवेलाला जो आंबूस वास येतो, तो मोराक्सेला जातीच्या एका जंतूमुळे, असे जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले. कपडा धुऊनही हा जंतू तग धरून राहतो आणि ओल मिळताच पुन्हा वाढतो. म्हणून टॉवेल न्हाणीघरात खुंटीवर चुरगळून न टांगता उन्हात पसरावा आणि आठवड्यातून एकदा कडक पाण्यात धुवावा. प्लास्टिकचा पडदा असेल तर तो पसरलेला ठेवावा, गोळा करून नव्हे. बादल्या पालथ्या घालाव्या. शेवटी आंघोळ करणाऱ्याने रबरी पट्टीच्या झाडणीने फरशीवरचे पाणी जाळीत लोटावे. हे दोन मिनिटांचे काम घरातील पुरुषांनी व मुलांनीही करावयाचे आहे. शेवटी आंघोळ करणारी गृहिणीच असते म्हणून ते तिच्यावर पडू नये. मुख्य म्हणजे खिडकी उघडी ठेवावी. कोणत्याही बाटलीतील सुगंधापेक्षा वाहती हवा अधिक काम करते.

या बाबतीत आपले पूर्वज आपल्याहून फारसे मागे नव्हते. डेराबस्सीच्या जवळून घग्गर नदी वाहते. याच घग्गरच्या कोरड्या पात्राच्या काठी, राजस्थानात कालीबंगन येथे १९६० नंतरच्या दशकात भारतीय पुरातत्त्व खात्याने सिंधू संस्कृतीचे नगर उकरून काढले. त्याच संस्कृतीच्या मोहेंजोदडो येथील घरांत विटांनी फरसबंद केलेल्या न्हाण्या आढळल्या. त्यांच्या जमिनीला उतार होता आणि पाणी विटांच्या मोरीतून रस्त्याकडील झाकलेल्या गटारात जात असे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याला उताराचे जे महत्त्व कळले होते, ते आजच्या काही इमारतींत विसरलेले दिसते. आपल्या न्हाणीघरात कोपऱ्यात पाणी साचून राहत असेल, तर उतार चुकला आहे असे समजावे. तेथे ओलही राहणार आणि वासही.

चौथे कारण पाणीच असते. पेल्यात थंड पाणी व दुसऱ्या पेल्यात गीझरचे गरम पाणी घ्यावे आणि दोन्ही न्हाणीघराबाहेर नेऊन हुंगावे. केवळ गरम पाण्याला अंड्यासारखा वास येत असेल, तर दोष विजेच्या गीझरच्या टाकीत आहे. टाकी गंजू नये म्हणून तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी बसविलेली असते. पाण्यात गंधकाची संयुगे असतील आणि टाकीत पाणी पुष्कळ दिवस पडून राहिले असेल, तर काही जंतू त्या कांडीच्या साहाय्याने हाच वायू तयार करतात. अशा वेळी गीझर पूर्ण तापवून सर्व पाणी सोडून द्यावे. वास टिकला तर कारागिराकडून टाकी धुऊन घ्यावी व कांडी तपासावी. दोन्ही पेल्यांना वास असेल, तर गच्चीवरील टाकी किंवा विहीर यांकडे लक्ष द्यावे आणि पाण्याची तपासणी करून घ्यावी.

आता काय करू नये, हे सांगणे अधिक अगत्याचे आहे. वास जात नाही म्हणून चिडून माणसे एकावर एक औषधे ओततात, आणि अपघात घडतात ते येथेच. फरशी स्वच्छ करण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा विरंजक द्रावण ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्र येथे सैनिकांवर सोडलेला विषारी वायू हाच. बंद न्हाणीघरात तो डोळ्यांची आग करतो, छाती कोंडतो आणि जीवही घेऊ शकतो. अमोनिया असलेल्या द्रवाबरोबरही विरंजक मिसळू नये. सकाळी एक ओतले आणि संध्याकाळी दुसरे, असेही नको, कारण भांड्यात पहिल्याचा अंश राहिलेला असतो. एका दिवशी एकच औषध वापरावे, भरपूर पाणी सोडावे आणि खिडकी उघडी ठेवावी. चुकून तिखट वास उठलाच तर निस्तरत न बसता तत्काळ बाहेर पडावे.

डांबरगोळ्यांविषयीही दोन शब्द. त्या वास घालवीत नाहीत, आपला अधिक उग्र वास वर चढवितात. शिवाय काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एका विशिष्ट विकराची उणीव असते. अशा अर्भकांना नॅफ्थालीनच्या संपर्काने रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. घरात तान्हे मूल असेल, तर त्याच्या अंगाशी येणाऱ्या कपड्यांत व न्हाणीघरात या गोळ्या ठेवू नयेत. पांढऱ्याशुभ्र गोळीला खाऊ समजून लहान मूल ती तोंडात घालते, हा धोका निराळाच.

वास एका घरापुरता न राहता साऱ्या इमारतीत येत असेल, तर मैल्याची टाकी भरली असण्याचा संभव असतो. अशा वेळी स्वस्तात काम उरकावे म्हणून एखाद्या मजुराला टाकीत उतरविण्याचा विचार कोणी मनातही आणू नये. आपल्या न्हाणीघरात किंचित जाणवणारा तो वायू टाकीत साचलेला असतो. थोड्या प्रमाणात असताना त्याचा वास येतो. हवेच्या दशलक्ष भागांत तो सुमारे शंभर भाग झाला की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि उतरणाऱ्याला धोका टळला असे वाटते. त्याहून पुष्कळ अधिक असेल तर माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो आणि त्याला काढावयास उतरलेला दुसराही तेथेच राहतो. २०१३ च्या कायद्याने गटारांची व मैल्याच्या टाक्यांची अशी धोकादायक सफाई माणसाकडून करवून घेणे हा गुन्हा ठरविला आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली होती, ती २०२३ मध्ये तीस लाखांवर नेली. पैशाने माणूस परत येत नाही, हे वेगळे सांगावयास नको. टाकी उपसण्याचे काम पंप बसविलेल्या गाडीकडूनच करून घ्यावे. त्यासाठी नगरपरिषदेकडे मागणी करावी आणि वर्गणी काढताना या खर्चाला कुरकुर करू नये.

येथवर वासाविषयी बोललो. शेवटी, न्हाणीघरात जे संकट वासावाचून येते, त्याविषयी लिहिले पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत चंदीगडच्या परिसरात कडाक्याची थंडी पडते, दिवसचे दिवस धुके हटत नाही. थंड वारा नको म्हणून खिडकी घट्ट लावली जाते आणि आत गॅसवर चालणारा गीझर पेटतो. बंद जागेत ज्योतीला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साईड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट बांधला जातो. आंघोळ करणाऱ्याला डोके जड झाल्यासारखे वाटते, मळमळते, पाय लटके पडतात, आणि दाराची कडी काढण्यापूर्वी तो खाली बसतो. दर हिवाळ्यात उत्तर भारतातून, आणि महाराष्ट्रातूनही, अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. त्यांत नवविवाहित जोडपी असतात, लहान मुले असतात. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. गॅस जळताना निर्माण होणाऱ्या या विषाला मात्र असा कोणी दूत नाही. म्हणून नाकावर विसंबू नये.

नियम थोडे आहेत. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवावा. धूर बाहेर नेणारी नळी नसलेला गीझर बंद न्हाणीघरात वापरू नये. जेथे तो आतच असेल, तेथे बदल होईपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्यावी, गीझर विझवावा आणि मगच आंघोळीला जावे. आतील माणसाला उशीर होत असेल तर बाहेरच्याने हाक मारावी. उत्तर न आल्यास दार उघडावे, गॅस बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागवावी. थंडीच्या भीतीने खिडकी बुजविणारी कागदाची व कापडाची बोळकी आजच काढून टाकावी. जी खिडकी दुर्गंध बाहेर नेते, तीच खिडकी प्राण वाचविते.

आता डेराबस्सीच्या भगिनीसाठी, आणि ज्यांना हा प्रश्न विचारावयास संकोच वाटला त्या सर्वांसाठी, थोडक्यात वेळापत्रक देतो. रोज आंघोळीनंतर फरशीचे पाणी लोटावे व खिडकी उघडावी. आठवड्यातून एकदा जाळी काढून केस उचलावे आणि न वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक जाळीत अर्धी बादली पाणी ओतावे. महिन्यातून एकदा सोड्याचे गरम पाणी सोडावे व फवारा शिरक्यात भिजवावा. वर्षातून एकदा, हिवाळ्यापूर्वी, गीझर तपासून घ्यावा आणि गच्चीवरील हवेच्या नळीचे तोंड मोकळे आहे की नाही ते पाहावे. प्रवासाला निघताना पाणी व तेल विसरू नये. एवढे करूनही वास राहिला, तर तो घर बांधणाऱ्याचा दोष आहे, घर चालविणारीचा नव्हे. असे मोकळेपणी सांगून घरमालकाकडे किंवा इमारतीच्या मंडळाकडे दुरुस्ती मागावी.